हिमालयांतील असेला मासा

डोंगरावरून धांवत येणाऱ्या नदींत लांकडाचा ओंडकासुद्धां टिकत नाहीं. मग तेथें हातभर लांबीचा मासा स्थिर कसा राहतो? विद्यार्थिमित्रहो, याचें उत्तर हिमालयांतील असेल्याच्या तोंडांत आहे.

हा मासा अफगाणिस्तानापासून भूतानपर्यंतच्या थंड पाण्यांत आढळतो. १८३२ सालीं जॉन एडवर्ड ग्रे या प्राणिशास्त्रज्ञानें त्याचें शास्त्रीय नामकरण केलें. इंग्रजींत त्यास ‘स्नो ट्राउट’ म्हणतात. परंतु हें नांव फसवें आहे. हा ट्राउट नव्हे. आपल्या परिचयाच्या रोहू माशाच्या कुळांतला तो आहे.

त्याचें तोंड खालच्या बाजूस असतें. खालच्या ओठाशीं एक खरखरीत चकती असते. तिच्या साह्यानें तो दगडास चिकटून राहतो आणि जबड्याच्या धारदार कडेनें त्यावरील शेवाळ खरवडून खातो. अंग निमुळतें व खवले बारीक असल्यामुळें प्रवाहाचा मारा त्यास फारसा बाधत नाहीं. थंड पाण्यांत प्राणवायु अधिक विरघळतो, व तोच त्यास मानवतो. हिंवाळ्यांत तो खालच्या पात्रांत उतरतो. पुढें पाणी किंचित् ऊबदार झालें कीं पुन्हां वर चढतो आणि उथळ, स्वच्छ, खडेगोटे असलेल्या जागीं अंडीं घालतो.

अशा कसलेल्या माशावरही संकट आलें आहे. १९०० सालीं स्कॉटलंडहून ट्राउटाचीं अंडीं काश्मीरांत आणिलीं गेलीं. तो पाहुणा मांसाहारी. असेल्याचीं पिलें त्याचें भक्ष्य झालीं. भागीरथीवर २००६ सालीं टिहरीचें धरण सुरू झालें. सुमारें २६० मीटर उंचीची ती भिंत कोणता मासा चढून जाईल? अतिरेकी मासेमारीची त्यांत भर पडली. २०१० सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें या जातीची गणना धोक्यांत आलेल्या जातींत केली.

भीमताल येथील शीतजल-मत्स्य-संशोधन संस्थेंत असेल्याचीं अंडीं कृत्रिम रीतीनें उबविण्याचे प्रयत्न झाले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पिलें वाढविलीं, तरी त्यांस जाण्यास वाट व राहण्यास स्वच्छ पाणी नको काय?

बदरीनारायणास जाणारे आपल्याकडील यात्रेकरू अलकनंदेच्या कांठानें जातात. त्याच पाण्यांत असेला राहतो, हें थोड्यांसच ठाऊक असतें. पालकांनीं त्या वाटेनें जातांना मुलांस हा मासा अवश्य दाखवावा. ज्याची ओळखच नाहीं, तें नाहींसें झालें तरी कोणास हळहळ वाटणार?