२६३ पैकी २३

देहूरोडला लोकलमधून उतरून मामुर्डीच्या अंगानं गहुंज्याकडे निघालं, की द्रुतगती मार्गाच्या कडेला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं स्टेडियम दिसू लागतं. संपादकांना स्टेडियमचा परिचय हवा होता: हॉपकिन्स यांच्या कंपनीचा आराखडा, सदतीस हजारांची बैठक, आजूबाजूच्या टेकड्या. तो मजकूर कुठल्याही माहितीपत्रकात मिळतो. मला उत्सुकता होती ती इथे भाडेकरूसारखा राहून गेलेल्या पुणे वॉरियर्स या संघाची, त्यातही त्याच्या खेळाडूंची.

थोडक्यात इतिहास असा. मार्च २०१० मध्ये सहारा समूहानं सुमारे १,७०२ कोटींची बोली लावून आयपीएलचा पुण्याचा संघ घेतला. संघ २०११ ते २०१३ असे तीन मोसम खेळला. ४६ सामन्यांत १२ जिंकला, ३३ हरला, एक सामना निकालाविना गेला. पहिल्या मोसमात गहुंज्याचं मैदान तयार नव्हतं, म्हणून पुण्याचा संघ ‘घरचे’ सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळला.

सुरुवात मात्र झोकात झाली. १० एप्रिल २०११ ला पंजाबला हरवलं ते विदर्भाच्या श्रीकांत वाघनं, १६ धावांत ३ बळी घेऊन. कोचीलाही हरवलं आणि मग ओळीनं सात पराभव. पुढच्या वर्षी गहुंज्याचं उद्घाटन शरद पवारांच्या हस्ते १ एप्रिलला झालं. आठवड्यानंतर तिथे पंजाबला पुन्हा हरवलं, पहिल्या सातांत चार सामने जिंकले आणि उरलेले नऊच्या नऊ घालवले. या संघाला उमेद दाखवून तिच्यावर पाणी फिरवायची सवयच होती.

आणि खेळाडू कोण होते? युवराज सिंग, गांगुली, उथप्पा, मनीष पांडे, स्टीव्ह स्मिथ, मिचेल मार्श, फिंच, मॅथ्यूज. यादी वाचून कुणीही म्हणेल, हे तर चषक नेतील. पण युवराज २०१२ मध्ये कर्करोगाच्या उपचारांमुळे मैदानाबाहेर होता आणि गांगुली कारकीर्द आवरायच्या बेतात होता. खुद्द पुण्याचा केदार जाधव दिल्ली आणि कोचीकडून खेळत होता! संघाच्या नावात पुणं होतं, अकरांत मात्र ते शोधावं लागे.

माझं लक्ष अडकतं ते एकाच माणसावर. २३ एप्रिल २०१३, बंगळूर. ख्रिस गेलनं त्या रात्री ६६ चेंडूंत नाबाद १७५ काढल्या, त्यात १७ षटकार; शतक ३० चेंडूंत. बंगळूरचा धावफलक ५ बाद २६३. सगळ्यांना आठवतो तो गेल. मी मात्र तो धावफलक गोलंदाजांच्या बाजूनं वाचतो. मार्शच्या ३ षटकांत ५६. अली मुर्तझाच्या २ षटकांत ४५. ईश्वर पांडेच्या दोनमध्ये ३३. गोलंदाजी संपली असावी अशा अवस्थेत कर्णधार फिंचनं स्वतः चेंडू हातात घेतला, एका षटकात २९ दिल्या. आणि याच गर्दीत भुवनेश्वर कुमार : ४ षटकं, २३ धावा.

बळी एकही नाही. म्हणजे बाकीच्या सोळा षटकांत २४० धावा, षटकामागे पंधरा, आणि याच्या षटकामागे सहासुद्धा नाहीत. मेरठचा हा पोरगा वेगवान म्हणावा असा नव्हताच. ताशी १३० किलोमीटरच्या आसपासचा. त्याच्याकडे होती ती सरळ उभी शिवण आणि दोन्ही बाजूंना वळणारा नवा चेंडू. २००९ च्या रणजी अंतिम सामन्यात सचिनला त्यानंच शून्यावर परत पाठवलं होतं. पुण्यानं बंगळूरचा तो सामना १३० धावांनी गमावला. पराभवाच्या बातमीत तेवीस धावांना कोण विचारतो!

संघ बुडतो आणि खेळाडू उरतो, व्यावसायिक खेळात ही गोष्ट जुनीच आहे. १८७१ साली अमेरिकेतल्या फोर्ट वेनच्या किकिओंगा या बेसबॉल संघानं पहिल्या व्यावसायिक लीगचा पहिलाच सामना २-० नं जिंकला. ऑगस्टअखेर संघच बंद पडला. त्यांचा पिचर बॉबी मॅथ्यूज पुढे इतर संघांकडून खेळत राहिला आणि कारकिर्दीत २९७ विजयांपर्यंत गेला. भुवनेश्वरही पुण्यानंतर हैदराबादला गेला, २०१६ आणि २०१७ ला सर्वाधिक बळींची टोपी त्याच्याच डोक्यावर होती. स्मिथ दुसऱ्या पुणे संघाचा कर्णधार होऊन २०१७ चा अंतिम सामना एका धावेनं हरला.

वॉरियर्स बुडाले ते मात्र मैदानात नव्हे. शेवटचे दोन्ही सामने त्यांनी जिंकले होते. १९ मे २०१३ ला गहुंज्यात दिल्लीला ३८ धावांनी हरवलं. दोन दिवसांनी सहारानं आयपीएल सोडल्याचं जाहीर केलं. मोसमात ९४ सामने होतील या हिशोबानं बोली लावली, सामने तेवढे झाले नाहीत, तेव्हा शुल्क कमी करा, हे त्यांचं म्हणणं. बीसीसीआयनं बँक हमी वटवली आणि ऑक्टोबरमध्ये करारच रद्द केला. त्याआधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, गुंतवणूकदारांचे सुमारे २४,००० कोटी परत करा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सहाराच्या कंपन्यांवर आलेला होता. स्टेडियमला सुब्रत रॉय सहारा यांचं नाव होतं; थकलेल्या पैशांवरून तेही उतरलं.

दुसरा संघ, रायझिंग पुणे, मुळातच दोन मोसमांचा. २०१६ च्या दुष्काळात मैदानाच्या पाण्यावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले. पुण्यानं घर मांडलं विशाखापट्टणमला. २०१८ मध्ये कावेरीच्या वादामुळे चेन्नईचा संघ गहुंज्यात आला आणि मैदान पिवळ्या रंगात न्हालं. म्हणजे पुण्याचे सामने बाहेर आणि बाहेरच्यांचे पुण्यात.

२०२३ पासून इथे महाराष्ट्र प्रीमियर लीग भरते. आता अकरांत इथलीच पोरं असतात, कोल्हापूरची, नाशिकची, पुण्याची. ही गोष्ट चांगली झाली. पण त्या पोरांचं मानधन ज्यांच्या खिशातून येतं, त्या मालकांचे ताळेबंद कोण वाचतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.