प्रकाशाची फणी आणि सिंगापूरची वेळ

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना ३१ डिसेंबर १९८१ ची रात्र आठवत असेल. साडेअकरा वाजता सिंगापूरची घड्याळे अर्धा तास पुढे झाली आणि एकदम नवे वर्ष उजाडले. त्याही आधी, जपानी अमलात, १९४२ ते १९४५ पर्यंत येथे टोकियोची वेळ चालत होती. म्हणून त्या काळात जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना 'जन्मवेळ कोणत्या घड्याळाची?' असे आधी विचारावे लागते.

घड्याळाचे काटे सरकार फिरवू शकते. सेकंदाची लांबी मात्र साऱ्या जगाने मिळून ठरविली आहे. १९६७ पासून सिझियम अणूशी निगडित लहरींच्या ९,१९,२६,३१,७७० आंदोलनांना लागणारा काळ म्हणजे एक सेकंद. सिंगापूरचे राष्ट्रीय मापनकेंद्र अशाच अणुघड्याळांवर येथील प्रमाणवेळ राखते.

प्रकाशाची आंदोलने तर सेकंदाला सुमारे ५ कोटी कोटी! ठोका जितका बारीक, तितके घड्याळ अचूक. पण एवढे ठोके थेट मोजील असे यंत्र नाही. येथे 'प्रकाशाची फणी' कामास आली.

अतिजलद लेसर प्रकाशाचे ठोके ठराविक अंतराने सोडतो. सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यांतील एकाचे पुन्हा शंभर कोटी. ठोका टिकतो तो अशा काही भागांपुरताच. हा प्रकाश रंगांत पसरविला की सलग पट्टा न दिसता फणीच्या दातांसारख्या सारख्या अंतराच्या असंख्य रेषा मिळतात. दोन दातांमधील अंतर म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके, आणि ते मोजता येतात. तांबड्या टोकाची कंपने दुप्पट करून निळ्या टोकाशी ताडली की दातांची नेमकी जागाही कळते. मग कोणताही प्रकाश या फणीवर ठेवून मोजावा. या कामाबद्दल अमेरिकेचे जॉन हॉल आणि जर्मनीचे टेओडोर हेन्श यांना २००५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता २०३० च्या सुमारास सेकंदाची व्याख्याच प्रकाशघड्याळांवर बेतण्याचा विचार चालू आहे. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतही यटर्बियम आयनाचे असे घड्याळ उभारण्याचे काम हाती घेतले गेले आहे. जहाजांना वाट दाखविणाऱ्या उपग्रहांचा सारा हिशेब वेळेवरच चालतो. मग आपल्यासारख्या बंदराच्या गावाला हे परके कसे वाटेल? आपल्या घरांतील शिकत्या मुलामुलींनी या विद्येकडे वळावे, अशी आमची इच्छा आहे.