वारा पाठीवर घेऊन वळताना

गेल्या सहा-सात वर्षांत समुद्रावरचा एक नवा खेळ जगभर पसरला आहे. त्याचे नाव विंग फॉइलिंग. खेळाडूच्या हातात पतंगासारखे, पण कडेला हवा भरलेले एक शीड असते. ते फळीला बांधलेले नसते, नुसते हातांनी धरायचे. पायाखाली फळी, फळीच्या पोटाला पाऊण मीटरचा एक उभा दांडा आणि त्या दांड्याच्या टोकाला, पाण्याच्या आत, लहान विमानासारखे पंख. वाऱ्याने वेग दिला की हे पंख फळीला वर उचलतात. मग फळी पाण्यावर नसतेच, वीतभर-हातभर उंचीवरून चालते. लाटांचा आवाज बंद होतो. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटते की माणूस हवेत उभा राहून चालला आहे.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची माणसे आखातात आहेत, त्यांना हे दृश्य नवे नाही. दुबईच्या काइट बीचवर संध्याकाळी फिरायला गेले की अशी रंगीत शिडे दिसतात. आमची भाची तिथेच हा खेळ शिकू लागली. वय १७, शाळा दुबईत, आजोळ रत्नागिरीत. या मार्चमध्ये परीक्षा आटोपून ती आली ती एक मोठी पिशवी घेऊनच. हवा भरायची फळी, घडी घातलेले शीड आणि सुटे करून फडक्यात गुंडाळलेले ते पंख. सामान तिचे नव्हे, तिच्या प्रशिक्षिकेने वापरून झालेले स्वस्तात दिले होते. नवा संच लाखांच्या घरात जातो, आणि आमच्या मेहुण्यांचा पगार काही तसा नाही.

आमच्या बहिणीने तिला भाट्याच्या समुद्रात उतरायला परवानगी दिली, पण एक अट घालून. जिथून पाण्यात जाशील, तिथेच परत बाहेर यायचे. कुणी होडीने आणून सोडायचे नाही, किनाऱ्याने चालत यायचे नाही. हे सलग दोन दिवस जमले तर पुढच्या वर्षीही शिकायचे, नाहीतर सामान परत.

ऐकायला अट सोपी वाटते. पण हा खेळ शिकणाऱ्यांची सगळी अडचण त्या एका वाक्यात आहे. सरळ जाणे काही दिवसांत जमते, वळणे जमायला महिने लागतात. आणि वळता आले नाही तर माणूस पडतो, पडला की पाण्यात बसून पुन्हा शीड उचलेपर्यंत वारा त्याला खाली ढकलत नेतो. भाट्याला दुपारचा वारा वायव्येकडून येतो. खाडीच्या तोंडाच्या अलीकडून पाण्यात गेलेली मुलगी चार वेळा पडली की सुरूबन मागे टाकून पार दक्षिणेला, झरी विनायकाच्या टेकडीकडे पोहोचते. पहिले आठ दिवस भाचीचे असेच गेले. ती फळी डोक्यावर घेऊन वाळूतून परत यायची आणि तिची अम्मी काही न बोलता टॉवेल पुढे करायची.

आता हे वळण म्हणजे नेमके काय, ते सांगितले पाहिजे. शिडाने चालणाऱ्या कोणत्याही वाहनाला दिशा बदलायचे दोन मार्ग असतात. एक, तोंड वाऱ्याकडे करून वाऱ्याला छेदून वळायचे. दुसरा, पाठ वाऱ्याकडे करून वळायचे. विंग फॉइलिंगमध्ये बहुतेकांना दुसरा आधी शिकवतात, कारण पहिल्यात वेग लवकर मरतो आणि फळी खाली बसते. पाठीवर वारा घेऊन वळताना वेग टिकतो. पण तिथे एक क्षण असा येतो की शिकणाऱ्याचा जीव घाबरा होतो. समजा वारा ताशी २५ किलोमीटरने वाहतो आहे आणि फळीही वाऱ्याच्याच दिशेने ताशी २० ने चालली आहे. मग अंगाला लागणारा वारा उरतो फक्त ५ चा. इतका वेळ हातांना ओढणारे शीड एकदम हलके होते, जणू त्यातला प्राणच गेला. शिकणारा दचकतो, शीड जोरात ओढायला जातो, पायांकडे पाहतो आणि पाण्यात पडतो.

खरे तर तोच क्षण कामाचा असतो. शिडात जोर नसला तरी फळी चालत असते, कारण पाण्यातल्या पंखांना वारा नको, वेग हवा. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट, म्हणून एवढेसे पंख माणसाचा भार पेलतात. वेग आहे तोवर ते पेलत राहतात. त्या दोन-तीन सेकंदांत शीड डोक्यावर न्यायचे, एका हाताने धरून दुसरी बाजू समोर येऊ द्यायची, हात बदलायचे आणि नव्या दिशेने हळूहळू वारा भरून घ्यायचा. हलके झालेले शीड हलवायला जोर लागतच नाही. जोर लावला तरच बिघडते.

भाची वळायची ती झटक्याने. फळी एका कडेवर जोरात दाबायची, की वळण आखूड व्हायचे आणि वेग संपायचा. तिला दुबईच्या प्रशिक्षिकेने फोनवरून सांगितले ते असे: वळण मोठे घे, कबड्डीची दोन मैदाने मावतील एवढे. फळी कलंडव, पण थोडीच. उंची मध्यम ठेव. फार वर राहिलीस तर कलंडताना पंखाचे टोक पाण्याबाहेर येईल, आत हवा शिरेल आणि सगळा आधार एका क्षणात जाईल. फार खाली राहिलीस तर फळीची कड पाण्याला लागेल. आणि पायांकडे बघू नकोस, जिथे जायचे आहे तिकडे बघ. मान वळली की खांदे वळतात, खांद्यांमागून कंबर आणि कंबरेमागून फळी.

शिक्षक असल्यामुळे आम्हाला या शिकवण्यातली पायऱ्यांची रचना फार आवडली. बी.एड.ला आम्ही सोप्याकडून कठिणाकडे हे सूत्र पाठ केले होते. इथे ते डोळ्यांसमोर दिसत होते. आधी वाळूत उभे राहून, फळीशिवाय, नुसते शीड डोक्यावरून फिरवून हात बदलायचे. असे पन्नास वेळा. मग वाळूत दोन रेघा मारून, त्यांवर पाय ठेवून, चालत वळायचे. मग पाण्यात, पण फळी न उचलता, तरंगत वळायचे. मग उचललेली फळी वळणाआधी मुद्दाम खाली टेकवून वळायचे. आणि शेवटी हवेत राहून. पाय लगेच बदलायचेच नाहीत, हाही एक धडा. वळण संपल्यावर पाय उलटे राहतात, अवघडल्यासारखे वाटते, तरी तसेच थोडे पुढे जायचे आणि फळी स्थिर झाली की बदलायचे. एका वेळी एकच गोष्ट. आमच्या वर्गात भागाकार शिकणारी मुले आम्हाला आठवली.

चौथ्या-पाचव्या दिवशी आमचे अब्बा सुरूबनाच्या सावलीत खुर्ची टाकून बसू लागले. वय ७८. चौदाव्या वर्षी ते शिडाच्या मचव्यावर खलाशी म्हणून चढले होते. मंगलोरी कौले आणि जळाऊ लाकूड घेऊन मुंबईच्या लकडी बंदरापर्यंत त्यांच्या फेऱ्या होत. पुढे इंजिने आली आणि शिडे गेली. पोहणे, होडी, जाळे यांबद्दल ते क्वचितच बोलत. त्या दिवशी मात्र भाची पडली तशी ते म्हणाले, “शीड रिकामं होतं तेव्हा ही घाबरते. अरे, तेव्हाच तर फिरवायचं असतं.”

आम्ही विचारले तेव्हा त्यांनी वाळूत काठीने आकृती काढून दाखवली. आपल्या किनाऱ्यावरच्या मचव्याचे, फत्तेमारीचे शीड तिरक्या लांब परभाणावर असे. अशा शिडाने तोंड वाऱ्याकडे करून वळणे धोक्याचे, कारण शीड उलट्या बाजूने डोलकाठीवर दाबले जाते आणि गलबत अडकते. म्हणून सुकाणू फिरवून आधी पाठ वाऱ्याला द्यायची. शिडाची दोरी सोडली की शीड पुढच्या बाजूला मोकळे फडफडते. त्यातला जोर गेलेला असतो. तेवढ्यात खलाशांनी परभाण उभे करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यायचे, दोरी दुसऱ्या बाजूला आणायची आणि मग सावकाश ताणायची. अरबी ढाऊसुद्धा अशाच वळतात. अब्बा म्हणाले, “घाईने दोरी ओढणाऱ्या पोराला तांडेल शिव्या घालायचा. आधी गलबत फिरू दे, मग शीड भर.”

दुबईच्या प्रशिक्षिकेचे सांगणे आणि अब्बांचे सांगणे यांत आम्हाला शब्दांपलीकडे फरक दिसला नाही. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये दालदी समाजाची नोंद मासे मारणारे आणि दर्यावर्दी अशी आहे. मिरकरवाडा आणि राजिवडा इथली कितीतरी घरे आजही समुद्रावर जगतात. पण ते जगणे पुरुषांचे. आमच्या घरातल्या बायकांनी समुद्र किनाऱ्यावरून पाहिला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट पाहत. अब्बांच्या ज्ञानाला नातवंडांत विचारणारे कुणी नव्हते. विचारले ते नातीने, तेही विंग फॉइलिंगसाठी. त्या संध्याकाळपासून ती पाण्यातून बाहेर आली की आधी नानांकडे जाई. “नाना, आता कुठे चुकलं?” आणि नाना काठी उचलत.

पाण्याखालच्या पंखांची कल्पना तशी जुनी आहे. इटलीत एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर अशी नाव चालवली. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि केसी बाल्डविन यांच्या नावेने १९१९ मध्ये ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम केला. शिडाच्या मोठ्या शर्यतींत ही गोष्ट गाजली ती २०१३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिका चषकात. त्या नौका पंखांवर उचललेल्या राहूनच वळत होत्या. एमिरेट्स टीम न्यूझीलंड ८-१ अशी पुढे असताना अमेरिकेच्या ओरॅकल संघाने ९-८ ने चषक राखला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विंडसर्फिंग आणि काइट या दोन्ही शर्यती अशा पंखांच्या फळ्यांवरच झाल्या.

आपल्याकडेही हे अगदीच दूरचे नाही. गोव्याची कात्या आणि डेन कोएलो ही भावंडे विंडसर्फिंगमध्ये देशासाठी उतरली आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत इबाद अलीने विंडसर्फिंगचे कांस्यपदक मिळवले, आणि त्याच दिवशी नेहा ठाकूरने शिडाच्या होडीत रौप्य. भाचीला ही दोन नावे आम्ही सांगितली. तिला आधीच माहीत होती.

कपड्यांचा प्रश्न घरात निघालाच. फुफूने तो काढला. पण या खेळात कुणीच उघड्या अंगाने जात नाही. ऊन, मीठ आणि पंखांच्या धारदार कडा, यांमुळे मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पोशाख घालतात, वरून तरंगणारे जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट. भाचीने हेल्मेटखाली टोपीसारखे कापड बांधले होते. फुफूने तो पोशाख हातात घेऊन शिवण पाहिली आणि विषय बदलला. लोक काय म्हणतील याचे उत्तर मात्र आमच्याकडे नाही. राजिवड्यातली काही माणसे म्हणाली, काही पोरे रोज बघायला आली, आणि त्यांतल्या दोघांनी हवा भरायचा पंप मारायचे काम आपणहून घेतले.

ज्यांच्या घरात कुणी असा नाद घेईल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. त्या खेळापेक्षा समुद्राच्या आहेत. पोहता आल्याशिवाय उतरायचेच नाही. सकाळचे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. पाणी तेव्हा गुळगुळीत दिसते, पण पडलेल्या माणसाला ते बाहेर नेतात. दुपारनंतरचे खारे वारे किनाऱ्याकडे आणतात, म्हणून शिकणाऱ्याची वेळ तीच. मार्च ते मे या महिन्यांत जुहरनंतर वारा भरतो, मगरिबच्या आधी पडू लागतो. तो पूर्ण पडायच्या आत बाहेर यायचे, कारण वारा नसलेले शीड म्हणजे पाण्यातले ओझे. काजळी नदी मिळते त्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला जायचे नाही. तिथे ओढ असते, वाळूचे दांडे जागा बदलतात आणि मच्छीमार होड्यांची ये-जा असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ आणखी वाढते, भांगाचे दिवस त्या मानाने बरे. दांडा बुडेल इतके, म्हणजे निदान कंबरभर पाणी हवे, नाहीतर पंख वाळूत रुततात आणि माणूस त्यांच्यावरच आपटतो. फळी आणि शीड दोन्ही दोरीने अंगाला बांधलेली असावीत. फळी सोडून पोहत यायचे नाही. ती तरंगते. आणि किनाऱ्यावर कुणीतरी डोळे लावून बसलेले असावेच. पावसाळ्यात हा खेळ कोकणात नाही.

अठराव्या दिवशी भाचीने पहिले पूर्ण वळण घेतले. पाण्याला न टेकता. आमच्या बहिणीने ते पाहिले नाही, ती असरची नमाज पढत होती. त्यानंतरचे दोन दिवस ती जिथून गेली तिथून दहा-बारा पावलांवर बाहेर आली. दहा पावले चालतात की नाही यावर घरात जेवणापर्यंत वाद झाला. अब्बांनी सांगितले की मचवासुद्धा धक्क्याला कधी नेमका लागत नाही, दोरी टाकूनच ओढावा लागतो. बहीण म्हणाली, “ठीक आहे. पण वळते ती एकाच बाजूला.”

ते खरे आहे. एका बाजूला वळताना भार पायांच्या बोटांवर येतो, दुसऱ्या बाजूला टाचांवर. टाचांवरच्या वळणात अजून ती मागे कोसळते. वरच्या बाजूला ती वळते, खालच्या टोकाला शीड डोक्यावर धरून फळीवर बसते, हाताने फळी फिरवते आणि पुन्हा उठते. परवानगी एका वर्षाची मिळाली आहे, टाचांच्या वळणाच्या अटीवर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती दुबईला गेली. पंख इथेच ठेवले आहेत. अब्बांनी ते गोड्या पाण्याने धुतले, खाऱ्याने आवळून बसू नयेत म्हणून स्क्रूंना ग्रीस लावले आणि जुन्या लुंगीत बांधून माळ्यावर ठेवले.