उभ्या गाडीचे इंजिन का तापते?

रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट पाहणारी रांग असो, वा पर्वरीतील वाहतूक कोंडी. उन्हाच्या वेळी अशा ठिकाणी रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी हमखास दिसते. चालकाची तक्रारही ठरलेली असते, ‘महामार्गावर काहीच त्रास नव्हता, गाडी थांबली आणि काटा वर चढला.’ ही तक्रार बारकाईने ऐकली, तर दोषाचा अर्धा पत्ता तिच्यातच मिळतो.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत जातो. इंजिनाभोवती फिरणारे कूलंट ही उष्णता शोषून रेडिएटरमध्ये आणते आणि रेडिएटरच्या बारीक पात्यांमधून वाहणारी हवा ती बाहेर नेते. गाडी धावत असताना ही हवा समोरून आपोआप मिळते. गाडी उभी राहिली की हा वारा थांबतो आणि सारी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर येते. म्हणूनच धावताना थंड आणि उभी असताना तापणाऱ्या गाडीत पहिला संशय पंख्यावर घ्यावा. याउलट चोर्ल्याचा घाट चढताना किंवा वेगात असताना गाडी तापत असेल, तर आतून चोंदलेला रेडिएटर किंवा नीट न उघडणारा थर्मोस्टॅट यांकडे पाहावे.

पंख्याची परीक्षा

आजच्या बहुतेक मोटारींत हा पंखा विजेवर चालतो. इंजिन सुरू करून वातानुकूलन यंत्रणा लावली की बहुतेक गाड्यांत तो लगेच किंवा थोड्याच वेळात फिरू लागतो. तो फिरलाच नाही, तर फ्यूज, रिले, वायरिंगचे जोड आणि शेवटी मोटर या क्रमाने तपासणी करावी. मेकॅनिक मोटरला बॅटरीतून थेट वीज देऊन पाहतो. तशी वीज दिल्यावर पंखा फिरला, तर मोटर निर्दोष असून बिघाड विजेच्या मार्गात आहे. वातानुकूलन लावताच फिरणारा पंखा इंजिन तापल्यावर मात्र आपणहून सुरू होत नसेल, तर तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर संशय जातो. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत वायरींचे जोड गंजतात, हे आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावे.

आणखी एक खूण चालकाला बसल्या जागी कळते. धावत्या गाडीत गार हवा येते आणि सिग्नलला थांबताच ती कोमट होते, तेव्हाही बहुधा हाच पंखा दोषी असतो. कारण वातानुकूलन यंत्रणेचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो व त्यालाही उभ्या गाडीत पंख्याचीच हवा लागते.

पंखा फिरतो, तरीही?

अशा वेळी हवेची वाट पाहावी. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत लाल माती, पालापाचोळा आणि किडे साचतात. समोरून स्वच्छ दिसणारी जाळी आतून बुजलेली असू शकते. ती हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी. जोरदार झोताने नाजूक पाती वाकतात.

त्यानंतर कूलंटची पातळी पाहावी, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. पातळी वारंवार घटत असेल, तर गळती शोधणे हाच उपाय आहे. रेडिएटरचे झाकणही दुर्लक्षू नये. ते यंत्रणेत दाब राखते, त्यामुळे कूलंट उकळण्याचे तापमान वाढते. साधे पाणी १०० अंशांना उकळते. तेच सुमारे १ बार जादा दाबाखाली १२० अंशांच्या आसपास उकळते. झाकणाचे रबर झिजले की हे संरक्षण जाते.

पंखा विजेचा असून नीट फिरत आहे आणि उभ्या गाडीत इंजिनाचा वेग थोडा वाढवताच काटा खाली येतो, असे असेल तर वॉटर पंप कमकुवत आहे किंवा कूलंट कमी आहे, असा संशय घ्यावा. काटा वर असताना हीटरमधून मात्र थंड हवा येत असेल, तर कूलंट कमी आहे किंवा यंत्रणेत हवा अडकली आहे. टाकीत सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, इंजिन ऑइल दुधाळ होणे ही हेड गॅस्केट गेल्याची चिन्हे आहेत. अशी गाडी चालवत नेऊ नये.

रस्त्यात काय करावे?

काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण लावावा. उकाडा सोसावा लागेल, परंतु हीटर हा छोटा रेडिएटरच असतो. काटा लाल रेषेकडे गेला किंवा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये; दाब सुटताच उकळते कूलंट उसळते आणि चेहरा-हात गंभीर भाजतात. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात दूर ठेवावेत.

निकडीला साधे पाणी चालते, पण ती कायमची सोय नव्हे. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातील क्षारांचा थर आत साचतो आणि गंज चढतो. कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे. केवळ रंग जुळला म्हणून दोन प्रकार मिसळू नयेत. सांडलेले कूलंट लगेच धुवावे. ते विषारी असते आणि गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात.

फ्यूज किंवा रिले किरकोळ खर्चात बदलता येतो. तोच बिघाड अंगावर काढला, तर अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकते आणि इंजिन उघडण्याची वेळ येते. त्यामुळे गॅरेजमध्ये ‘गाडी तापते’ एवढेच सांगून थांबू नये. ती उभी असताना तापते की धावताना, पंखा फिरतो की नाही आणि कूलंट किती दिवसांत घटते, या तीन गोष्टी सांगाव्यात. मग अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलण्याचा भुर्दंड टळेल.