दगडात गोठणारी जेली: तेलविहिरीतलं पाणी आणि स्वीडनचा बोगदा

ज्यांना ऑडिओ ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. विषय आहे जेल. केसांना लावायचं नाही, जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर दगडाच्या भेगा बुजवणारं जेल.

तेलाची विहीर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? खाली तेलाचं मोठं तळं आणि त्यात सोडलेला पाइप. तसं नसतं बरं का. तेल असतं दगडाच्या बारीक छिद्रांत, स्पंजात पाणी असतं तसं. आपलं 1974 साली सापडलेलं मुंबई हाय घ्या. तिथलं तेल समुद्रतळाखालच्या चुनखडीच्या दगडात आहे. तेल काढलं की आतला दाब कमी होतो, म्हणून दुसऱ्या विहिरींतून समुद्राचं पाणी प्रक्रिया करून आत ढकलतात. पाण्याने तेलाला पुढे रेटावं, ही कल्पना.

पण पाणी आळशी. त्याला सोपी वाट हवी. दगडात एखादी मोठी भेग किंवा जास्त सच्छिद्र थर मिळाला की ते तेलाला बगल देऊन थेट विहिरीत शिरतं. जगभराचा ढोबळ हिशेब असा सांगतात की एक पिंप तेलामागे साधारण तीन पिंपं पाणी वर येतं. हे पाणी खारट आणि तेलकट असतं. ते उपसायला वीज लागते, साफ करायला पैसा लागतो. आणि तेल? ते खालीच राहतं.

मग सिमेंट का नाही ओतत?

ओततात की. पण सिमेंटचे कण दगडाच्या बारीक छिद्रांपेक्षा मोठे असतात. ते तोंडाशीच अडकतात. इथे हवा असा पदार्थ, जो जाताना पाण्यासारखा पातळ असेल आणि आत पोचल्यावर घट्ट होईल. घरी चायना ग्रासचं पुडिंग केलं असेल तर हे लगेच कळेल. ओतताना पातळ, थोड्या वेळाने थलथलीत. फरक एवढाच की पुडिंग थंड झाल्यावर गोठतं, आणि हे जेल उष्णतेने लवकर गोठतं.

1980च्या दशकात अमेरिकेच्या मॅरेथॉन ऑइल कंपनीत यासाठी एक जोडी तयार झाली, जी पुढे खूप वापरली गेली: पॉलिअ‍ॅक्रिलामाइड आणि क्रोमियम अ‍ॅसिटेट. नावांना घाबरू नका, मण्यांची माळ डोळ्यांसमोर आणा. अ‍ॅक्रिलामाइड म्हणजे सुटा मणी. असे हजारो मणी ओवले की होते माळ, म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलामाइड. पाण्यात अशा माळा सोडल्या, की क्रोमियम एका माळेला दुसरीशी गाठ मारतं. गाठी वाढल्या की जाळं तयार होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. या जेलमध्ये पॉलिमर बऱ्याचदा एक टक्क्याच्या आसपासच असतो. बाकी जवळजवळ सगळं पाणीच! थोडक्यात, पाण्याला पाण्यानेच अडवायचं.

अ‍ॅसिटेटचं काम काय? ते क्रोमियमला धरून ठेवतं, गाठी मारायची घाई करू देत नाही. कारण सगळा खेळ वेळेचा आहे. लवकर गोठलं तर पाइपातच बसलं. उशीर झाला तर वाहत्या पाण्याने पातळ होऊन निघून गेलं. चुकीच्या थरात शिरलं तर पाण्याऐवजी तेलाचीच वाट बंद! म्हणून आधी प्रयोगशाळेत बाटलीत भरून, विहिरीइतक्या तापमानाला ठेवून बघतात. बाटली उलटी करायची आणि जेल किती ओघळतं ते पाहून ए ते जे असा ग्रेड द्यायचा. ए म्हणजे गोठलंच नाही. जे म्हणजे इतकं घट्ट की बाटलीवर टिचकी मारली तर आतलं जेल थरथरतं.

वेळ चुकली तर काय होतं?

याचं उत्तर तेलविहिरीत नाही, एका रेल्वे बोगद्यात मिळतं. दक्षिण स्वीडनमध्ये हालांड्सोस नावाची डोंगररांग आहे. 1992 साली तिच्यातून बोगदा खणायला सुरुवात झाली. दगड भेगाळलेला, आत पाणीच पाणी. 1997 मध्ये भेगा बुजवायला रोका-जिल नावाचं रसायन वापरलं गेलं, साधारण 1,400 टन. इथे एक मोठा फरक होता. यात तयार माळा नव्हत्या, सुटे मणी होते. म्हणजे अ‍ॅक्रिलामाइड आत सोडायचं आणि माळ दगडातच ओवली जाईल अशी अपेक्षा ठेवायची.

पाण्याचा जोर जास्त होता. रसायन पातळ झालं आणि बरंचसं गोठलंच नाही. आणि सुटं अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंवर परिणाम करणारं विष आहे. ते ओढ्यात उतरलं. मासे मेले, ते पाणी प्यायलेल्या गायींचे पाय लुळे पडले. काही कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा आला. आसपासच्या शेतकऱ्यांना दूध फेकून द्यावं लागलं. त्या ऑक्टोबरात काम थांबलं. पुढे काँक्रीटच्या जलरोधक कड्या बसवत जाणाऱ्या यंत्राने बोगदा पूर्ण केला, आणि तो सुरू झाला थेट डिसेंबर 2015 मध्ये.

गंमत पुढे आहे. कामगारांचं रक्त तपासताना तुलनेसाठी बोगद्याशी काहीच संबंध नसलेल्या लोकांचंही रक्त तपासलं. त्यांच्यातही अ‍ॅक्रिलामाइडच्या खुणा! मग ते आलं कुठून? शोध पोचला स्वयंपाकघरात. 2002 मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला तळले-भाजले की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं. चिप्स फार करपवू नका, सोनेरी झाले की काढा, या सल्ल्यामागे हाच शोध आहे.

तर मग हे जेल चांगलं की वाईट?

माळ आणि मणी एकच समजू नका, एवढं लक्षात ठेवा. पॉलिअ‍ॅक्रिलामाइड स्वतः फारसं विषारी नाही, पण सुटं अ‍ॅक्रिलामाइड आहे. क्रोमियमचंही तसंच. सुरुवातीच्या काही जेलमध्ये विषारी क्रोमियम-6 खाली सोडून त्याचं रूपांतर तिथेच व्हावं अशी योजना असायची. क्रोमियम अ‍ॅसिटेटमध्ये आधीपासूनच कमी घातक क्रोमियम-3 असतं. दोन्हीकडे शहाणपण तेच: धोकादायक टप्पा कारखान्यात उरकायचा, जमिनीखालच्या नशिबावर सोडायचा नाही.

म्हणून जमिनीत काही सोडणार असं कुणी सांगितलं, की तीन प्रश्न विचारा. खाली जाताना ते नेमकं काय आहे? किती वेळात गोठणार? आणि तोवर तिथलं पाणी कुठे वाहतंय? "गोठल्यावर सुरक्षित आहे" हे उत्तर अर्धंच. न गोठलेल्या भागाचं काय, ते आधी सांगा म्हणावं.

तुमच्या शंका कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात!