पोस्टकार्डाएवढी पकड

जगभरच्या मोटारींच्या इंजिनांत फिरणारे कॅमशाफ्ट सोलापुरात तयार होतात. यतीन शहा यांनी १९९२ साली उभी केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई यांच्यासारख्यांना माल पुरवत आली आहे. पण त्याच सोलापुरातल्या एखाद्याला आपल्या गाडीची पुरती ताकद कायद्यात राहून आजमावायची असेल, तर त्याला जिल्हा सोडावा लागतो. कोल्हापूरचा मोहिते ट्रॅक प्रामुख्याने गो-कार्टिंगचा. लोणावळ्यापलीकडच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यती झाल्या, त्या सरळ रेषेतल्या. वळणावळणाच्या जुन्या ट्रॅकसाठी दक्षिणच गाठावी लागते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैला १९९० पासून ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे २००३ चा, २.१ किलोमीटरचा. मारुती ८०० चं इंजिन बसवून एकआसनी शर्यतीची गाडी बनवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलेलं आहे.

ट्रॅक नाही म्हणून टायरची हौस मात्र थांबलेली नाही. सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूर, कुठेही उभे राहा. मडगार्डच्या बाहेर डोकावणाऱ्या चाकांची एखादी स्विफ्ट किंवा पोलो जाताना दिसतेच. मालकाला कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘पकड वाढते.’ ट्रॅकवर जायचे बेत आखणारा माणूसही पहिला खर्च रुंद टायरवरच करतो.

ही समजूत आली कुठून? माझा तर्क असा, की ती रानातून आली. सोलापूर हा उसाचा जिल्हा. इथे ऊसतोडीच्या हंगामात टायरगाडी सगळ्यांनी पाहिलेली असते. लोखंडी धावेची जुनी बैलगाडी ओल्या काळ्या रानात आसापर्यंत रुतायची. हवेचा टायर तेच वजन जास्त जागेवर पसरतो, त्यामुळे गाडी वर राहते आणि बैलांचा जीव वाचतो. मऊ मातीत रुंदी खरोखरच कामाला येते. डांबरावर रुतण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून रानातला हा हिशेब तिथे तसाच लागू होत नाही.

डांबरावरचा हिशेब असा. स्विफ्टच्या पुढच्या एका चाकावर साधारण २७० किलो भार येतो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोचा दाब. भागाकार केला की रस्त्याला टेकलेला रबराचा तुकडा सुमारे १२० चौरस सेंटिमीटरचा निघतो, म्हणजे आपल्या टपाल खात्याच्या पोस्टकार्डाएवढा. आता टायर रुंद घेतला आणि भार व हवा तेवढीच ठेवली, तर तुकड्याचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. उभं पोस्टकार्ड आडवं होतं, इतकंच. टायरच्या बाजूंच्या ताठरपणामुळे थोडाफार फरक पडतो, पण तो थोडाफारच.

मग शर्यतीवाले रुंद टायर का वापरतात? एक तर रबरावरचा भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, ती थोडी कमीच भरते. त्यामुळे भार रुंदीवर नीट वाटला गेला तर फायदा होतो. दुसरं, आखूड आणि आडवा तुकडा वळणात कमी पिळतो, स्टिअरिंगला गाडी लगेच उत्तर देते. सगळ्यात मोठं कारण उष्णतेचं. मऊ रबर चांगलं चिकटतं, पण लवकर तापतं आणि झिजतं. रबर भरपूर असेल तर ते मऊ ठेवणं परवडतं. थोडक्यात, पकड देतं ते मऊ रबर. रुंदी त्याला टिकवून धरते. टिकाऊपणासाठी बनवलेला कडक टायर केवळ रुंद घेऊन ट्रॅकवर फार काही साधत नाही.

फॉर्म्युला वनने २०१७ मध्ये पुढचा टायर २४५ वरून ३०५ आणि मागचा ३२५ वरून ४०५ मिलिमीटर केला. २०२६ च्या नियमांत त्यांनीच पुढून २५ आणि मागून ३० मिलिमीटर कमी केले. वजन आणि हवेचा अडथळा त्यांनाही जड होतो.

आता दुकानात येऊ. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५ टायर येतो. चाकाची उंची ६२१ मिलिमीटरच्या आसपास. १९५/५५ आर १६ घेतला तर उंची जवळपास तीच राहते. २०५/५५ आर १६ घेतला तर ती ६३२ होते, गाडी काट्यापेक्षा पावणेदोन टक्के जास्त पळते आणि गिअर तेवढे लांबतात. इथवर बरेच जण बघतात. टायरच्या बाजूला मापापुढे छापलेला आकडा मात्र कोणी वाचत नाही. मूळ टायरवर ८८ असतो, म्हणजे ५६० किलो. १९५/५५ आर १६ वर बहुधा ८७ असतो, म्हणजे ५४५. टायर रुंद झाला आणि वजन पेलण्याची क्षमता घटली!

डिस्कचंही, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या रिमचंही, तेच. २०५ चा टायर साडेपाच इंचांपेक्षा अरुंद डिस्कवर चढवला तर बाजू फुगतात आणि मधली पट्टीच रस्त्याला लागते. दिलेल्या पैशांपैकी कडांचे पैसे वाया. चाक बाहेर काढायला स्पेसर घातले की बेअरिंगवर ताण येतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग हाताला ओढ देतं. टायर बसवून झाल्यावर गाडीत चार माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि चाकाच्या वरच्या पोकळीत बोटं घालून बघा. आतल्या प्लास्टिकवर काळा चकचकीत पट्टा उमटला असेल, तर टायर घासतो आहे. दुकानदार ‘रुळेल हळूहळू’ म्हणेल. तो रुळत नसतो, कापला जात असतो.

उन्हामुळे हवेबद्दल सोलापूरकरांनी जास्तच सावध राहावं. सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर ट्रॅकवर तापून आतली हवा ७० अंशांवर गेली, की दाब ३९ च्या वर पोचतो. पोस्टकार्ड आक्रसतं आणि महागड्या रुंदीचा फायदा तिथेच जातो. म्हणून जाणकार थंड टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवतात, काही फेऱ्या मारून येतात आणि गरम असतानाच गेज लावतात. चांगला गेज हा मला या सगळ्या खटाटोपातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुटा भाग वाटतो.

पावसाचा हिशेब उलटा. नासात विमानांच्या टायरवर झालेल्या अभ्यासातून १९६३ मध्ये एक सूत्र पुढे आलं. त्यानुसार ३३ पीएसआयचा टायर साचलेल्या पाण्यावर ताशी सुमारे ९६ किलोमीटरला तरंगू लागतो. आडव्या तुकड्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. सोलापूरला सप्टेंबरात धो धो पाऊस येतो, तेव्हा पुणे रस्त्यावर हे रुंद टायर भरवशाचे राहत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर रस्त्यावर चालत नाही. नक्षीच नसलेला शर्यतीचा टायर तर नाहीच. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी देते ते माप घेतलं, तर वादाला जागा उरत नाही. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशी मऊ टायर मिळवणं कठीण आणि महाग झालं.

ट्रॅकवर जायचंच असेल तर डिस्कचा दुसरा जोड ठेवा, ब्रेक ऑइल नवं भरा, अलाइनमेंट करून घ्या. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेलं १५५ लाही उकळू शकतं, आणि मग टायर कितीही रुंद असला तरी पेडल तळाला जातं. विम्याची पॉलिसीही काढून वाचा. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपला. एवढं सगळं करूनही स्विफ्टला १९५ च्या पुढे जायचं कारण मला दिसत नाही. वाचलेल्या पैशांत चेन्नईच्या ट्रॅकवर आणखी फेऱ्या मारून या.