मांजरीचे केस गळू लागले, चाल बिघडली तर?

वर्गातल्या मुली कधी कधी आम्हांला विचारतात, "बाई, आमच्या मनीचे केस गळतायत, चालतेही कशीतरी. नजर लागली असेल का?" आम्ही म्हणतो, नजरेचे नंतर बघू, आधी तिची ताटली आणि तिची कातडी बघा.

कोल्हापुरात बागवान गल्ली असो की सदर बाजार, आपल्या घरांत मांजर असतेच. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे नावच मांजरीच्या पिल्लावरून पडले. प्रेषितांनी (स.) मांजरीला नापाक ठरवले नाही, घरात ये-जा करणाऱ्यांत गणले. म्हणजे तिची जबाबदारीही आपलीच.

केस कुठले गेले ते पाहा. शेपटीच्या बुडाशी आणि पाठीवर गेले असतील तर बहुधा पिसवा. बारीक फणीने विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. गोल चट्टे, कडेला कोंडा असेल तर गजकर्ण असू शकते. ते मुलांनाही लागते. अशा वेळी मांजर अंथरुणात घेऊ नये, तिची गोधडी वेगळी गरम पाण्याने धुवावी आणि उपचार मध्येच सोडू नयेत.

इथेच एक मोठा धोका आहे. पिसवांसाठी कुत्र्याचे औषध मांजरीला लावू नका. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते मांजरीला विष आहे. ती थरथरते, झोकांड्या खाते, आकडी येते. रॉकेल, फिनेलही नको. ती अंग चाटते आणि सगळे पोटात जाते. ताप आला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये. एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

आता चालीचे. लाडाने रोज नुसती कलेजी घातली तर महिनोन्‌महिने साचलेल्या 'अ' जीवनसत्त्वाने मानेची व पुढच्या पायांची हाडे जखडतात. मान वळत नाही, म्हणून अंग चाटता येत नाही आणि केसांच्या जटा होतात. वाढत्या पिल्लाला फक्त बिनहाडाचे मटण-चिकन दिले तर चुना कमी पडतो, हाडे ठिसूळ होतात, ते लंगडते. पोट भरलेले असते, पण पोषण झालेले नसते. मांजरीसाठीचे, वयाप्रमाणे संपूर्ण आहार असे लिहिलेले खाद्य मुख्य ठेवावे; कलेजी आठवड्यातून एखादा तुकडा पुरे. शिजवलेली हाडे मात्र देऊ नयेत, त्यांचे टोकदार तुकडे होतात.

वयस्क, जाड मांजर मागच्या पायांच्या टाचा टेकून चालू लागली, पाणी जास्त पिऊ लागली, तर मधुमेहाची तपासणी करून घ्या. अचानक मागचे पाय लुळे पडले, पंजे गार लागले, ती ओरडू लागली, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. तेव्हा सकाळची वाट न पाहता त्याच तासाला डॉक्टरांकडे न्या.

दवाखान्यात जाताना ती काय खाते, काय लावले, चाल कधी बदलली हे कागदावर लिहून न्या. चालीचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, कारण टेबलावर मांजर चालत नाही.

मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सारेच ऐकत आलो. ज्या मुक्या जिवाला आपण दारात घेतले, त्याला नुसते खाऊ घालून आपले काम संपत नाही.